५४९ चालींचा विजय हा विजय म्हणायचा का?

गोदाकाठचा घोडा (गंगापूर रोड)
बुद्धिबळात दोन्ही राजे धरून पटावर सातच मोहरी उरली, की डावाच्या त्या शेवटांचं उत्तर संगणकाने काढून ठेवलेलं आहे. मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव महासंगणकावर २०१२ मध्ये हे काम झालं. त्यातली सर्वांत लांब सक्तीची मात (समोरच्याने काहीही केलं तरी होणारी) ५४९ चालींची: वजीर-प्यादं विरुद्ध हत्ती, उंट, घोडा. पण पन्नास चालींत काही मारलं नाही आणि प्यादंही हललं नाही, तर समोरचा बरोबरी मागतो. ७५ झाल्या तर मागायचीही गरज नाही. मग पटावर जिथे पोचताच येत नाही त्याला विजय कशाला म्हणायचं?

सिडकोतला उंट
पन्नास हा आकडा माणसांनी ठरवलाय भाऊ, पटाने नाही. दोन उंट विरुद्ध एकटा घोडा घ्या. १८५१ पासून पुस्तकं सांगत आली की घोडा कोपऱ्याजवळ नीट बसला की बरोबरी. १९८० च्या दशकात संगणकतज्ज्ञ केन थॉम्प्सनने मात झालेल्या स्थितीपासून उलटं मोजत जाऊन दाखवलं की उंटच जिंकतात, फार तर ६६ चालींत. फिडेनेही (जागतिक बुद्धिबळ महासंघ) तेव्हा काही शेवटांपुरती मर्यादा वाढवली होती.

गोदाकाठचा घोडा
वाढवली आणि १९९२ मध्ये परत पन्नासवर आणली, तेही लिहा की! १९९१ मध्ये संगणक-संशोधक लुईस स्टिलरने हत्ती-घोडा विरुद्ध दोन घोडे यात २४३ चाली काढल्या. पुढे २००६ मध्ये वजीर-घोडा विरुद्ध हत्ती, उंट, घोडा यात पहिलं निर्णायक मोहरं मारायलाच ५१७ चाली. किती वाढवणार? आर्बिटरला (पंचाला) मुक्कामालाच बोलवा मग.

पंचवटीची प्यादी
😂 चहाचं बिल कोण देणार?

नाशिकरोड कोच
दोघंही लांबीवर अडलात. वजीर विरुद्ध हत्ती हा शेवट बघा. हत्ती पडायला जास्तीत जास्त ३१ चाली, म्हणजे नियमात आरामात बसतो. तरी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊनला थॉम्प्सनच्याच ‘बेल’ या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राविरुद्ध तो पन्नासात जिंकता आला नाही. हत्ती राजाला चिकटून राहील अशी सगळ्यांची समजूत, आणि यंत्र त्याला खुशाल लांब नेत होतं. ब्राऊन अभ्यास करून परत आला आणि नेमका पन्नासाव्या चालीला जिंकला. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावातली आपली पोरं मात्र मोबाइलवर ‘जिंकलेला’ दिसलं की डाव बंद करतात. कसा जिंकायचा विचारलं की गप्प. मला राग आहे तो याचा.

सिडकोतला उंट
सर, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सारणी, म्हणजे प्रत्येक स्थितीचं संगणकाने काढलेलं उत्तर, होती म्हणून ब्राऊनला कळलं की आपलं काय चुकतंय. आणि पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात सारणी दाखवून विजय मागता येतो, तिथे पन्नासची अट आड येत नाही.

गोदाकाठचा घोडा
पत्राने खेळणाऱ्याला एंजिनही (चाली सुचवणारा संगणक) चालतं. ते वेगळं खातं. समोरासमोर, घड्याळ लावून बसलेल्यांसाठी पन्नासच राहू द्या. ५४९ वाली मात अभ्यासाच्या वहीत ठेवा, गुणतक्त्यात नको.

सिडकोतला उंट
गुणतक्त्यात अर्धा गुणच लिहा, माझी हरकत नाही. फक्त पोरांना ‘ही स्थिती बरोबरीची’ असं शिकवू नका. ती जिंकलेलीच आहे.