मदत हवी आहे: प्रचारबंदीच्या ४८ तासांत शपथपत्रांची तुलना दाखवता येते का?

आमच्या मतदारसंघातील सर्व उमेदवारांच्या शपथपत्रांमधील मालमत्ता, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे यांची शेजारी शेजारी मांडणी करणारी एक चित्रफीत आम्ही काही मतदार तयार करत आहोत. ती समाजमाध्यमांवर मतदानाच्या आदल्या दिवशी, म्हणजे लोक खऱ्या अर्थाने निर्णय घेत असताना, प्रसारित करण्याची आमची इच्छा आहे.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२६ मी मुळातून वाचले आहे. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत निकालावर प्रभाव टाकण्याच्या हेतूने किंवा तसा परिणाम साधेल अशा रीतीने केलेला मजकूर दूरचित्रवाणी 'किंवा तत्सम साधनांद्वारे' दाखवण्यास ते मनाई करते आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. दुसरीकडे, उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मध्येच, म्हणजे भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यातच, अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ च्या निकालांत स्पष्ट केले आहे. माझ्या मते हा हक्क शेवटच्या दोन दिवसांतच सर्वाधिक मोलाचा ठरतो. स्थानिक निवडणूक कार्यालयाकडे लेखी विचारणा केली असता केवळ कलमाची प्रत मिळाली.

आम्ही कोणत्याही पक्षाशी संबंधित नाही, मतदानाचे आवाहन करत नाही, जाहिरातीवर खर्च करत नाही आणि शपथपत्राबाहेरील एकही शब्द वापरत नाही. चित्रफीत आधीच प्रसारित करून ती त्या काळात तशीच ठेवण्याचा पर्याय आम्हाला मान्य आहे.

निवडणूक कायद्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे: अशी निव्वळ माहिती कलम १२६ च्या कक्षेत येते का, आणि आधीच प्रसारित केलेली चित्रफीत त्या ४८ तासांत काढून टाकणे बंधनकारक ठरते का?