शब्दचर्चा : जातमुचलका आणि जामीनदार

प्रश्न
कोर्टाच्या आदेशात लिहिलंय : ‘२५ हजार रुपयांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’. केस चुलत दिरांची आहे आणि जामीनदार म्हणून सही करायला आमच्या ह्यांना सांगितलंय. मग भरायचे किती, २५ हजार की ५०? आणि ही ‘जात’ कसली? सहीआधी शब्द नीट समजून घ्यायचे आहेत.

प्रतिसाद
ताई, सहीच्या वेळी २५ही भरायचे नाहीत आणि ५०ही नाहीत. ‘१५ हजारांच्या जातमुचलक्यावर सुटका’ असं पेपरात येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, माणूस पैसे मोजून सुटला. तसं नसतं.

‘जात’ म्हणजे इथे स्वतः. ‘साहेब जातीने हजर होते’ म्हणतो ना, तीच. मुचलका हा तुर्कीतून आलेला जुना शब्द, अर्थ लेखी कबुली. तेव्हा जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेला शब्द : तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर २५ हजार सरकारजमा करीन. हजर राहिलं की ती रक्कम कागदावरच राहते.

‘जामीन’ अरबीत मुळात माणूस आहे, हमी घेणारा. म्हणूनच आपण अजूनही ‘मी त्याला जामीन राहिलो’ म्हणतो. जुन्या वापरात हाजीरजामीन आणि मालजामीन असे वेगळे शब्द होते : पहिला माणूस हजर करण्याची हमी घेणारा, दुसरा पैशाची. पुढे सुटकेलाच जामीन म्हणू लागलो आणि माणसाचा जामीनदार झाला. तुमच्या यजमानांचं काम हाजीरजामिनाचं आहे. त्यात कसूर झाली तरच पैशाचा प्रश्न येतो.

प्रतिसाद
मी फौजदारी वकिली करते. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘जामीन’ची व्याख्याच नव्हती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती आली, शिवाय जामीनदारासह दिलेलं बंधपत्र (म्हणजे लेखी हमी, बाँड) आणि त्याच्याविना दिलेलं बंधपत्र यांनाही वेगळी नावं मिळाली.

कोर्टाच्या आवारात मात्र हे शब्द फारसे कानावर पडणार नाहीत. तिथे ‘पीआर बाँड’ (जातमुचलका), ‘शुअरिटी’ (जामीनदार), ‘सॉल्व्हन्सी’. सॉल्व्हन्सी म्हणजे तहसील कार्यालयाचा ऐपतीचा दाखला. त्याखेरीज ओळखपत्र, राहत्या जागेचा पुरावा, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदाराचं पगारपत्रक यांपैकी काय लागेल ते कोर्टागणिक बदलतं. आधी किती जणांना जामीन राहिलात, तेही लेखी सांगावं लागतं. कागद जमवायला वेळ लागतो, म्हणून मुंबईत आम्ही बरेचदा ‘कॅश बेल’ मागतो : रोख भरून तात्पुरती सुटका आणि दिलेल्या मुदतीत जामीनदार. इथे पैसे खरोखर भरावे लागतात. पावती जपा, अटी पाळल्या तर ते परत मिळतात.

कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीनदार ‘पुरवणारे’ भेटले तर त्यांच्या नादी अजिबात लागू नका. खोटे कागद सापडले की नवा गुन्हा दाखल होतो.

प्रतिसाद
न्यू जर्सीहून लिहितोय. अमेरिकेतल्या ‘बेल बाँड’चं भाषांतर जातमुचलका असं करू नका. बऱ्याच राज्यांत एजंट आरोपीच्या वतीने हमी देतो आणि साधारण १० टक्के फी घेतो. माणूस निर्दोष सुटला तरी ती परत मिळत नाही. इलिनॉयने सप्टेंबर २०२३पासून पैशांवरचा जामीनच बंद केला.

प्रतिसाद
मला ‘सक्षम’, म्हणजे ऐपतदार, या शब्दावर बोलायचंय, कारण गरीब माणूस तिथेच अडकतो. मोतीराम खटल्यात (१९७८) मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडे १० हजारांचा जामीनदार मागितला होता. सख्खा भाऊ उभा राहिला, पण तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून त्याला नाकारलं. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्णा अय्यर यांनी हे चूक ठरवलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश दिला.

तरी आजही जामीन मंजूर झालेली माणसं जामीनदार नाही म्हणून तुरुंगात राहतात. हे मला फार अन्यायाचं वाटतं. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की महिनाभरात बंधपत्र दाखल झालं नाही, तर संबंधित कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपी निर्धन आहे असं मानून त्याला नुसत्या बंधपत्रावर सोडायचं, असं कायद्यातच आहे. कुणी अडकलं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कैदेतल्या माणसाला तिथे वकील मोफत मिळतो.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. दीर तारखेला आलेच नाहीत तर ह्यांचं काय?

प्रतिसाद
वकिलीणबाईच पुन्हा. कोर्ट बंधपत्र जप्त करतं आणि रक्कम भरा किंवा का भरू नये ते सांगा, अशी नोटीस काढतं. कारण पटलं तर रक्कम कमी होऊ शकते. वसूलच झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. जामिनातून बाहेर पडायचं असेल तर कधीही अर्ज करता येतो. मग कोर्ट दिरांना वॉरंट काढून बोलावतं आणि त्यांना दुसरा जामीनदार द्यावा लागतो.

सही करण्याआधी दिरांकडून केसचा सीएनआर नंबर (कोर्टाने केसला दिलेला ओळख क्रमांक) मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख दिसते. यजमानांनी ती स्वतः बघावी आणि आदल्या दिवशी दिरांना फोन करावा.