मदत हवी आहे: एक अगदी निरुपयोगी संकेतस्थळ शोधायचे आहे

रिकामटेकडी_राणी:
नमस्कार. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक संकेतस्थळ पाहिले होते, ज्यावर एका मोठ्या वाटोळ्याशिवाय काहीही नव्हते. ना मजकूर, ना जाहिरात, ना कशाची विक्री. त्याचे नाव काही केल्या आठवत नाही आणि गेले तीन दिवस डोक्यात तेवढेच घोळत आहे. लेकीची सहामाही परीक्षा संपली असून, तुम्ही त्या वेळी इंटरनेटवर करायचात तरी काय, या तिच्या खोचक प्रश्नाला उत्तर म्हणून मला नेमके तेच दाखवायचे आहे. रविवारी ती वसतिगृहावर परत जाते, त्यामुळे कृपया लवकर सांगावे. गूगलवर शोधून झाले आहे. तेथे 'गोल' म्हटले की फुटबॉलच येतो.

सायबर_काका:
बऱ्याच वर्षांपूर्वी म्हणजे नेमके केव्हा, आणि त्या वाटोळ्याचे पुढे काय होत असे, हे आपण लिहिलेलेच नाही. तरीही सांगतो, ते फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रे व खेळ चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, असणार. अडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅशला रामराम ठोकला आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यातली चित्रे व खेळ चालणेही बंद केले. ब्राउझरमध्ये रफल हे फ्लॅशची नक्कल करणारे सॉफ्टवेअर घालून घ्या, म्हणजे जुने बरेचसे पुन्हा चालू लागेल.

जुनेजाणते:
फ्लॅशबिश काही नको, सरळ वेबॅक मशीनवर जा, तेथे जुन्या संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेवलेल्या असतात. लोकांना स्वतःची पाने करू देणारे जिओसिटीज याहूने 2009 साली बंद केले, तेव्हा किल्ल्यांवरचे माझे कॉलेजातले पान गेले म्हणून मी हळहळलो होतो. पुढे ते मला वेबॅक मशीनवर जसेच्या तसे सापडले, गरगर फिरणाऱ्या मशालीसकट.

रिकामटेकडी_राणी:
वेबॅक मशीनवर नेमके पान काढायचे तर पत्ता लागतो. पत्ता माहीत असता तर मी हा धागा कशाला काढला असता?

बटणवाला:
ताई, 'द यूसलेस वेब' वापरून पाहा. टिम होल्मन यांनी 2012 मध्ये ते केले. तेथे एक बटण आहे, ते दाबले की कुठल्यातरी निरर्थक स्थळी आपली रवानगी होते. दाबत राहा, कधीतरी आपले वाटोळे येईल.

सुविचारी:
वाटोळे हा शब्द आपण योग्यच वापरला आहे. सुट्टीत मुलीला एखादा कोडिंगचा वर्ग लावावा. माझ्या पुतण्याला त्याचा फार फायदा झाला. हवे असल्यास वर्गाची माहिती कळवीन.

जुनेजाणते:
निरर्थकच दाखवायचे असेल, तर केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या कॉफीच्या भांड्याची गोष्ट सांगा. 1991 मध्ये त्यावर कॅमेरा लावला, 1993 मध्ये ते चित्र वेबवर आले आणि 2001 मध्ये कॅमेरा बंद होईपर्यंत जगभरचे लोक कुणा परक्याची कॉफी शिल्लक आहे का, हे पाहत बसले.

बटणवाला:
तो कॅमेरा निरर्थक मुळीच नव्हता. इतर मजल्यांवरचे लोक जिने चढून येत आणि भांडे रिकामे पाहून परत जात, म्हणून तो लावला होता. निरर्थक होते ते आपले पाहणे.

रिकामटेकडी_राणी:
कॉफीचे नंतर पाहू. बटण मी चाळीसेक वेळा दाबले. एका ठिकाणी कागदाची गुंडाळी आली, ती लेकीने आवडीने उलगडली. एका ठिकाणी माऊसचा बाण जेथे नेऊन थांबवावा, तेथे बोट दाखवणाऱ्या माणसाचा फोटो येत होता. त्यावर दोघीही खूप हसलो. पण वाटोळे काही आले नाही.

चौकटराजा:
राणीताई, तीनच प्रश्न विचारतो. आपण ते संगणकावर पाहिले की फोनवर? साधारण कोणत्या साली? आणि बाण त्यावरून फिरवला की काय होत असे?

रिकामटेकडी_राणी:
संगणकावर, ऑफिसात, 2012 च्या सुमारास. बाण फिरवला की एकाची चार वाटोळी होत आणि त्या चारांची पुन्हा सोळा. हे मी वर लिहिले नव्हते का?

सायबर_काका:
नव्हते.

चौकटराजा:
मग हे 'कोआलाज टू द मॅक्स' आहे. काका, यात फ्लॅशचा काही संबंध नाही. ते डी3 या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर, म्हणजे आकडेवारीची चित्रे काढायच्या तयार कोडवर, चालते आणि ते लिहिणारे वादिम ओगिएवेत्स्की हे डी3 च्या निर्मात्यांपैकीच एक आहेत. 2011 मध्ये स्टॅनफर्डहून आलेली हीच लायब्ररी पुढे वृत्तपत्रांनी निवडणुकांचे नकाशे आणि आलेख काढायला वापरली. आता यातली गंमत सांगतो. प्रत्येक वाटोळ्याचा रंग म्हणजे त्याच्याखाली दडलेल्या चित्राच्या तेवढ्या भागाचा सरासरी रंग असतो. त्यामुळे पहिल्या वाटोळ्यात सगळे चित्र एका रंगात कालवलेले असते आणि जसजशी चिरफाड होते तसतसे ते वेगळे होत जाते. शेवटी काय निघते, ते नावातच आहे.

रिकामटेकडी_राणी:
म्हणजे त्यातून कोआला निघतो? मी तर इतकी वर्षे समजत होते की त्यात फक्त वाटोळीच आहेत! दर वेळी सोळाची चौसष्ट होईपर्यंत साहेबांच्या चपलांचा आवाज येई आणि मी खिडकी बंद करून पगारपत्रक उघडत असे.

रिकामटेकडी_राणी:
चौकटराजा, अनेक आभार. स्थळ अजून चालू आहे. लेक सुरुवातीला "एवढंच?" म्हणाली आणि मग कान, नाक, डोळे करत पाऊण तास हलली नाही. कोपऱ्यातले एक वाटोळे राहिले होते, त्यासाठी जेवण थंड केले. आता फोनवर कसे उघडायचे ते विचारते आहे, कारण तिला ते वसतिगृहातल्या मुलींना दाखवायचे आहे.

सायबर_काका:
आनंद झाला. तरीही रफल घालून ठेवा.