भिशी लावू का आरडी? पगार २० तारखेलाच संपतोय

पिंपरीकर_पोरगा:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. वय २७, पिंपरीत एका कंपनीत आहे, हातात ३४ हजार येतात. रूम शेअरिंगचे ६ हजार, मेस साडेतीन, गाडीचा हप्ता ३२००, घरी आई-बाबांना ५ हजार. हे सगळं धरून १७,७०० होतात, म्हणजे १६ हजार तरी उरायला पाहिजेत ना? पण २० तारखेला रूममेटकडे हात पसरायची वेळ येते. रविवारी महिन्याभराची यूपीआयची हिस्टरी काढून बसलो तर ११२ व्यवहार निघाले, त्यात अर्ध्याच्या वर २० रुपये, ३५ रुपये, ६० रुपये असलेच, आणि १४९ चं एक काहीतरी दर महिन्याला कटतंय ते कशाचं आहे ते अजून कळलेलं नाही.
आधी तीनदा प्रयत्न केला, महिन्याच्या शेवटी जे उरेल ते दुसऱ्या अकाउंटला टाकायचं असं ठरवलं होतं पण शेवटी उरतंच नाही आणि एकदा टाकले तर आठ दिवसात परत ओढून घेतले.
आता ऑफिसात पुढच्या महिन्यापासून भिशी सुरू होतेय, १२ जणांनी दर महिन्याला ३ हजार टाकायचे आणि ज्याचा नंबर लागेल त्याने ते सगळे उचलायचे. आई म्हणते पोस्टात आरडी काढ, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची, रूममेट म्हणतो म्युच्युअल फंडात एसआयपी कर. काय करू? क्रेडिट कार्डवर २२ हजार बाकी आहे पण मिनिमम, म्हणजे बँक सांगते ती कमीत कमी रक्कम, दर महिन्याला न चुकता भरतो त्यामुळे त्याचं टेन्शन नाही.

सांगलीची_काकू:
अरे बाळा मी १९ वर्षं भिशी चालवते, आमच्या गल्लीतल्या बायकांची, त्यामुळे दोन्ही बाजू सांगते. भिशीचा फायदा काय, तर पैसे चुकवायची लाज वाटते. बँकेचा हप्ता चुकला तर मेसेज येतो, भिशीचा चुकला तर सगळ्याजणी दारात येतात. माझ्या घरचा फ्रिज, शिलाई मशीन, मुलीच्या कॉलेजची पहिली फी, सगळं भिशीतून झालंय. आमच्याकडं दर महिन्याच्या ५ तारखेला संध्याकाळी डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि शेजारचं एखादं लहान पोर बोलवून काढायला लावायची, मोठ्यांनी हात घालायचाच नाही असा नियमच हाय, नाहीतर उगाच संशय.
पण एक ऐक. पाच वर्षांमागं एकीला दुसराच नंबर लागला, पैसे घेतले आणि दोन महिन्यात भाड्याचं घर सोडून गाव बदललं, फोन पण बंद. बाकीच्यांना तोंड कसं दाखवायचं म्हणून तिचे पुढचे हप्ते मी पदरचे भरले. तेव्हापासून नवीन बाईला शेवटच्या तीनातलाच नंबर, पटत असेल तर ये. तुमच्या ऑफिसात कोण चालवतंय, आधी किती भिशा पूर्ण केल्यात, मधेच कुणी नोकरी सोडली तर काय करणार ते विचारून घे. नुसतं चांगली आहे हो ती ताई एवढ्यावर ३६ हजार ठेवायचे नसतात.

पोस्टवाला_शेजारी:
काकूंचं बरोबर आहे पण भिशीला कुणाची हमी नाही हे लक्षात ठेव. नोंदणी केलेले चिटफंड वेगळे, त्यांना १९८२ चा कायदा आहे, ऑफिसची भिशी म्हणजे निव्वळ विश्वास. बँकेत ठेवलेस तर ५ लाखापर्यंत विमा असतो, पोस्टात सरकारच आहे. पतसंस्थेला मात्र हा बँकवाला विमा लागू नाही, बरेच जण तिथे गफलत करतात, बोर्ड बघून बँकच समजतात.
पोस्टाची आरडी १०० रुपयापासून उघडते, ५ वर्षाची असते. ६.७ टक्के दर धरला आणि महिना २ हजार टाकले तर १ लाख २० हजार भरून साधारण १ लाख ४२ हजार मिळतात. फार श्रीमंत होत नाही माणूस, पण हात लावायचा मोह होत नाही कारण ३ वर्षाआधी मोडताच येत नाही आणि नंतर मोडली तरी बचत खात्याचाच दर मिळतो. तुझ्यासारख्याला हेच औषध आहे. खातं १५ तारखेच्या आत उघडलंस तर दर महिन्याला १५ च्या आत हप्ता, नंतर उघडलंस तर महिनाअखेरपर्यंत. चुकला की शंभराला १ रुपया दंड, सलग चार चुकले की खातं बंद पडतं. त्यामुळे पगार १ ला होत असेल तर महिन्याच्या सुरुवातीलाच उघड, आणि पोस्टाच्या पेमेंट बँकेच्या ॲपवरून हप्ता भरता येतो, रांगेत उभं राहायची गरज नाही.

मिनिमम_भरून_फसलेला:
थांबा थांबा. भिशी-आरडी सगळं नंतर, त्याने शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते कुणी वाचलं का नाही?? २२ हजार बाकी आणि टेन्शन नाही म्हणे. भावा मी पण दीड वर्ष असाच मिनिमम भरत बसलो होतो. महिन्याला साडेतीन टक्के धर, ७७० रुपये व्याज, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९०० च्या आसपास. तू अकराशे-बाराशे मिनिमम भरतोस त्यातले ९०० तिथेच गेले, मुद्दल जागचं हलत नाही. वर बाकी ठेवलीस की नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज, ते ४५-५० दिवस फुकट वगैरे विसर. इकडे वर्षाला चाळीस टक्के देऊन तिकडे पावणेसातवाली आरडी काढणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.
आता माझी आयडिया. भिशीत पहिला नंबर म्हणजे बिनव्याजी कर्ज आणि शेवटचा नंबर म्हणजे बचत, एवढाच फरक असतो. भिशीवाल्या ताई खात्रीच्या असतील आणि चिठ्ठीऐवजी गरजेप्रमाणे नंबर देत असतील तर स्पष्ट सांगून पहिला माग, ३६ हजार हातात आले की त्याच दिवशी २२ कार्डात, उरलेले आणीबाणीला बाजूला. मग ११ महिने ३ हजार भरायचेच आहेत, लाजेने का होईना भरशील. लिलावाची भिशी असेल, म्हणजे जो सगळ्यात कमी रक्कम घ्यायला तयार त्याला पैसे, तर मात्र नको, तिथे गरजू माणूस ३६ चे ३१ घेऊन घरी जातो.

सांगलीची_काकू:
हे बरोबर बोललास. पण पहिला नंबर घेऊन कार्ड परत घासलं तर मी सांगलीहून येऊन कान धरीन हं.

पिंपरीकर_पोरगा:
बापरे. कार्डचं स्टेटमेंट आत्ता उघडून बघितलं, गेल्या महिन्यात व्याज आणि जीएसटी मिळून ८८४ रुपये. आठ महिने झालेत मिनिमम भरून, मी समजत होतो बाकी कमी होतेय. ते १४९ चं पण तिथेच सापडलं, एका ॲपचं सबस्क्रिप्शन आहे जे मी दिवाळीत एक मॅच बघायला घेतलं होतं, बंद करून टाकलं.
भिशी चिठ्ठीचीच आहे, लिलाव नाही, आणि ताईंची ही चौथी आहे म्हणे, आधीच्या तीन पूर्ण झाल्यात. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पहिल्या नंबराचं विचारतो. आईला आरडीचं पुढच्या वर्षी सांगितलं तर चालेल ना, का ५०० ची तरी आत्ताच काढू, ती रोज फोनवर विचारते.

पोस्टवाला_शेजारी:
५०० ची काढ. आई पण गप्प बसेल.