मदत हवी आहे : नर्स असलेल्या वहिनीसाठी समुपदेशक

माझी वहिनी पुण्यात आयसीयू नर्स आहे. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोरोना रुग्ण इथेच सापडले. त्यानंतरच्या दोन्ही लाटांत ती कोविड वॉर्डातच होती. पीपीई किट चढवलं की तासन्‌तास पाणीसुद्धा नाही. नातेवाइकांना आत सोडत नसत, तेव्हा कितीतरी जणांचा शेवटचा व्हिडिओ कॉल हिनेच फोन धरून लावून दिला. त्याबद्दल ती आजही बोलत नाही.

हल्ली ड्यूटीहून आली की गाडीची किल्ली हातात धरून तशीच सोफ्यावर बसून राहते. झोप नाही. मुलांवर ओरडते, मग रडते. घरचे म्हणतात, चार दिवस कोकणात जाऊन ये. मला नाही पटत. इतक्या वर्षांचा ताण असा उतरतो का?

टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, पण तिला समोर बसूनच बोलायचंय. कोथरूड, वारजे, कर्वेनगर भागात मराठीत बोलणारं, शिफ्टप्रमाणे वेळ देणारं कोणी माहीत आहे का? फी साधारण किती? आणि इथल्या सिस्टर्सना विचारायचंय, मेट्रनला सांगून आयसीयूतून बदली मागावी का? रेकॉर्डवर डाग लागेल अशी तिला भीती वाटते.