विल्कॉक्सन लावू की मॅन-व्हिटनी? स्टॅटिस्टिक्सच्या टेस्टबद्दल मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, एमए सायकॉलॉजीचं डेझर्टेशन करून राहिली मी, यवतमाळकडच्या आमच्या गावातल्या २२ पोरांना शब्दांची यादी पाठ करायला दिली, एकदा शांत वर्गात अन् एकदा बाजूला थ्रेशर चालू असताना, अर्ध्यांना आधी शांत, अर्ध्यांना आधी आवाज. दोन्ही वेळा पोरं तीच, म्हणून मले विल्कॉक्सन साइन्ड-रँकच बरोबर वाटते, पण सर म्हणतात मॅन-व्हिटनी लाव. ते तर वेगवेगळ्या गटांसाठी असते ना? दुसरं, ६ पोरांचा शांत अन् आवाजातल्या स्कोअरचा फरक शून्य आला, विल्कॉक्सनमध्ये असे शून्यवाले सहसा काढतात, पण ते काढले तर उरतात १६च, लय जीवावर येते. प्रॅटची पद्धत (रँक देताना शून्यवालेही धरायचे) वापरू का? अन् इफेक्ट साइजसाठी (फरक किती मोठा ते सांगणारा आकडा) झेड (टेस्टमधून येणारा आकडा) भागिले वर्गमूळ एन, त्यात एन म्हणजे पोरांची संख्या २२ धरू की १६? कोणी केलं असन तर सांगा, सोमवारी दाखवायचं आहे.