शब्दचर्चा : ‘बोथट आक्रमण’, ‘गोलदुष्काळ’ आणि प्रशिक्षकाची ‘गच्छंती’

(प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

मधली फळी

भारतीय फुटबॉल संघाच्या बातम्यांत गेली दोन वर्षे तेच शब्द फिरून फिरून येतात. आक्रमण बोथट, गोलदुष्काळ कायम, प्रशिक्षकाची गच्छंती अटळ. आशियाई चषक २०२७ च्या पात्रता फेरीत आपण पहिल्या ५ सामन्यांत २ गोल केले आणि २ गुण मिळवले. १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ हरलो तिथेच वाट बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशनेही ०-१ हरवले. प्रशिक्षक खालिद जमील यांनी राहावे की जावे हा वाद त्यामुळे पेटलेला आहे आणि तो इथेही होईल, व्हावाच. पण आधी दोन शंका.

एक, आक्रमण, चढाई, चाल हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतात का? दोन, आधीचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक गेले आणि मॅनोलो मार्केझ गेले, दोघांचीही ‘गच्छंती’च झाली असे लिहिणे बरोबर का?

रविवार पेठ

नाही चालत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांची वृत्ते वर्षानुवर्षे मराठीत लिहिली जातात आणि तिथे हे शब्द वेगळे पडलेले आहेत.

चाल ही रचली जाते. बचावफळीने चेंडू मधल्या फळीला दिला, तिथून तो बगलेवर गेला, बगलेवरच्या खेळाडूने गोलरेषेपर्यंत नेऊन मागे ढकलला, धावत आलेल्याने फटका मारला. ही साखळी म्हणजे चाल. ती मध्येच तुटू शकते.

चढाई मोजता येते. प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत चेंडू घेऊन घुसलात की एक चढाई झाली, मग ती रचून केलेली असो की गोलकीपरच्या लांब किकवरून मिळालेली. म्हणून ‘खोलवर चढाया’ असे अनेकवचन सहज येते. ‘खोलवर आक्रमणे’ असे कोणी लिहीत नाही.

आक्रमण म्हणजे संघाच्या खेळाचा तो अख्खा भाग. त्याला धार असते, ते बोथट होते. आघाडीची फळी म्हणजे फक्त पुढचे खेळाडू. ‘आघाडीची फळी अपयशी’ आणि ‘आक्रमण अपयशी’ या दोन वाक्यांत आरोपी वेगवेगळे आहेत. पहिल्यात दोष दोन-तीन खेळाडूंचा, दुसऱ्यात अकरा जणांचा आणि त्यांना खेळवणाऱ्याचा.

‘गोलची कोंडी फोडली’ हाही आमच्याकडचा रुळलेला प्रयोग. तो सामन्यातल्या पहिल्या गोलालाच लागतो. १-१ असताना कोणी कोंडी फोडत नाही.

फातोर्डा

हा फरक पात्रता फेरीतल्या त्या दोन गोलांना लावून बघा. पहिला ९ ऑक्टोबरला सिंगापुरात. ४७व्या मिनिटाला संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाल्यामुळे आपण दहा जण खेळत होतो. ९०व्या मिनिटाला त्यांच्या बचावातली चूक रहीम अलीने हेरली आणि १-१ झाले. दुसरा मडगावात १४व्या मिनिटाला, छांगटेने बॉक्सबाहेरून, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राबाहेरून, मारलेला जबरदस्त फटका. एक गोल समोरच्याच्या चुकीतून आला, एक लांबून. बॉक्समध्ये चाल संपवून केलेला गोल पाच सामन्यांत एकही नाही. याला ‘आक्रमण बोथट’ म्हणणे मला पटत नाही. बोथट व्हायला आधी पाते हवे. इथे चालच पूर्ण होत नाही.

सिंगापूरने त्याच सामन्यात ४४व्या आणि ५८व्या मिनिटाला गोल केले, दोन्ही साँग उइ-यंगचे. आघाडी घेऊनही हरलो, तेही घरच्या मैदानावर. गोव्यातल्या प्रेक्षकांना ते अजून बोचते आहे.

ओला चारा

‘गोलदुष्काळ’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. दुष्काळ पडतो. त्यात कोणाला जाब विचारता येत नाही, आभाळाकडे बघायचे. टंचाई मात्र पुरवठ्याची असते आणि पुरवठा कोणीतरी करायचा असतो. आपल्याकडे आहे ती टंचाई, आणि तिची कारणे दिसतात.

इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी ४ परदेशी खेळाडू मैदानावर असू शकतात. क्लबांना गोल हवे असतात, म्हणून त्यातला एक जवळजवळ नेहमी नऊ नंबरचा, म्हणजे मधला स्ट्रायकर असतो. भारतीय फॉरवर्ड बगलेवर ढकलला जातो. वर्षभर बगलेवर धावणारा खेळाडू राष्ट्रीय संघात आला की त्याला दोन सेंटर-बॅकच्या मध्ये पाठ करून उभे राहायला सांगतात. पाठीवर माणूस घेऊन चेंडू धरणे, पहिल्या स्पर्शात वळणे, जवळच्या खांबापाशी अर्धे पाऊल आधी पोहोचणे, या सवयी दहा दिवसांच्या शिबिरात लागत नाहीत. म्हणून तर सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावे लागले. मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध त्याने ९५वा आंतरराष्ट्रीय गोल केला तेव्हा तो ४० वर्षांचा होता. २०२४-२५ च्या लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोलही त्याचेच, १४.

तेव्हा ‘गोलटंचाई’ म्हणा. निदान प्रश्न योग्य दारात जाईल.

मधली फळी

टंचाई पटली. पण मथळ्यात ‘दुष्काळ’ संपतो, ‘टंचाई’ संपताना ऐकू येत नाही. ‘गोलदुष्काळ संपला’ हे रुळलेले आहे, ते राहील असे वाटते.

‘बोथट’ कधी लिहायचे आणि कधी नाही, याची काही कसोटी देता येईल का?

चौकट

येते. सामना बघताना कागदावर चार रकाने आखा.

पहिला रकाना: शेवटच्या तिसऱ्या भागात शिरकाव. मैदान १०५ मीटर धरले तर प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून ३५ मीटर. चेंडू ताब्यात ठेवून त्या पट्ट्यात गेलात की एक रेघ. दुसरा: बॉक्समध्ये, म्हणजे गोलपासून १६.५ मीटरच्या चौकोनात, आपल्या खेळाडूचा चेंडूला स्पर्श. तिसरा: फटके. चौथा: गोलच्या चौकटीत गेलेले फटके.

आता शब्द आपोआप सुचतात. पहिला रकाना भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर ‘निष्फळ चढाया’. चेंडू दारापर्यंत जातो, आत जात नाही. दोष बहुधा शेवटच्या पासचा, किंवा बॉक्समध्ये धावत जाणारी माणसेच कमी असतात. क्रॉस येतो तेव्हा आत एकटा फॉरवर्ड आणि भोवती चार बचावपटू. दुसरा भरलेला आणि तिसरा रिकामा असेल तर फटका मारायला उशीर होतो आहे, एक स्पर्श जास्त घेतला जातो आहे. तिसरा भरलेला आणि चौथा रिकामा, तरच नेम चुकतो आहे. ‘बोथट’ हा शब्द इथे. चौथाही भरलेला असून गोल नसेल तर समोरच्या गोलकीपरला श्रेय द्या आणि आपल्या संघाला शिव्या देऊ नका.

पहिलाच रकाना रिकामा असेल तर आक्रमणाबद्दल लिहूच नये. तिथे मधली फळी हरलेली असते.

‘अपेक्षित गोल’ हा आकडा हेच जरा बारकाईने मोजतो. प्रत्येक फटक्याला तो गोल होण्याची शक्यता ० ते १ मध्ये देतात. पेनल्टीला साधारण ०.७६ ते ०.७९, बॉक्सबाहेरच्या बहुतेक फटक्यांना ०.०५ च्या आसपास. बाहेरून २० फटके मारले म्हणून ‘जोरदार हल्ले चढवले’ असे लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: त्या वीस फटक्यांची बेरीज एका गोलाच्या आसपासच येते.

उदाहरण हवे तर १० जून २०२५, हाँगकाँग. पहिल्या अर्ध्यात लिस्टन कुलासोच्या क्रॉसवर आशिक कुरुनियनला समोर गोल दिसत होता आणि ती संधी गेली. भरपाई वेळेत त्यांना पेनल्टी मिळाली, आपण ०-१ हरलो. त्या एका क्षणाला ‘बोथट’ म्हणा, माझी हरकत नाही. त्याआधी मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-० झाले त्याला नको. तिथे चालच रचली जात नव्हती.

मोडी

आता दुसरी शंका. प्रशिक्षक जाण्याचे शब्द मराठीत भरपूर आहेत आणि प्रत्येकात कोणी कोणाला काढले हे दडलेले आहे.

गच्छंती हे संस्कृत क्रियापद, ‘गच्छन्ति’ म्हणजे ‘(ते) जातात’. मराठीने त्याचे स्त्रीलिंगी नाम केले. मुळात ‘जाणे’ एवढेच असल्यामुळे स्वतः गेला की घालवला हे या शब्दाला ठाऊक नाही. बातमी कच्ची असताना तो सोयीचा, पक्की झाल्यावर आळसाचा.

हकालपट्टी म्हणजे संस्थेने काढले, माणसाची इच्छा नसताना. स्टिमॅक यांची १७ जून २०२४ ला झाली ती हकालपट्टीच. करार २०२६ पर्यंतचा होता, भारतीय फुटबॉल महासंघाने तो आधीच संपवला, भरपाईवरून वाद झाला आणि शेवटी ४ लाख डॉलरवर मिटला. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात ३ सामने, ३ पराभव, ० गोल. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२. जूनमध्ये दोह्यात कतारकडून १-२. कतारचा पहिला गोल चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना दिला गेला, हा अन्याय होताच. पण त्या एका गोलामुळे आधीच्या सहा महिन्यांचा हिशेब बदलत नाही.

पायउतार होणे यात स्वतःचे पाऊल आहे. मनातून नसेल, दबावाखाली असेल, पण उतरतो तो स्वतः. ‘महासंघाने प्रशिक्षकाला पायउतार केले’ हे वाक्य कानाला खटकते ते म्हणूनच.

उचलबांगडी म्हणजे हातपाय धरून उचलून नेणे. आज तो शब्द बदल्यांना चिकटला आहे, अधिकाऱ्याला दुसऱ्या गावी पाठवले की उचलबांगडी. प्रशिक्षकाची बदली होत नाही, म्हणून मी तो इथे टाळतो. डच्चू खेळाडूला, संघनिवडीत. नारळ दोघांनाही चालतो. अर्धचंद्र तर फार चित्रमय: मानगुटीला लावलेल्या पंजाचा, अंगठा आणि बोटे यांच्यामधला आकार. वापरातून चालला आहे, परत आणावा.

राहिले मार्केझ. ते २ जुलै २०२५ ला गेले. ८ सामने, १ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव, ५ गोल. महासंघाने सांगितले की दोन्ही बाजूंच्या संमतीने वेगळे झालो, कोणाचे कोणाला आर्थिक देणे नाही. याला मराठीत नेमका शब्द आहे: फारकत. आज तो घटस्फोटापुरता उरला, पण त्याचे जुने रूप फारखत. फारखत म्हणजे देणेघेणे संपले असे लिहून दिलेला कागद. मार्केझ यांची झाली ती अक्षरशः फारखत. ‘परस्पर सामंजस्याने विभक्त होण्याचा निर्णय घेतला’ ही सहा शब्दांची ओढाताण कशाला?

फातोर्डा

वा. त्यात हेही धरा की मार्केझ २०२४-२५ मध्ये एफसी गोवा आणि भारत असे दोन्ही संघ सांभाळत होते. त्यामुळे ‘अर्धवेळ प्रशिक्षक’ असेही लिहिले गेले. ते चूक. दोन पूर्णवेळ कामे एका माणसाकडे होती. त्याला ‘दुहेरी जबाबदारी’ म्हणावे.

लेक मिशिगन

अमेरिकन फुटबॉलवर मराठीत लिहिताना हीच अडचण वेगळ्या रूपात येते. तिथे आक्रमणाचे ११ आणि बचावाचे ११ खेळाडू निराळे, त्यांचे प्रशिक्षकही निराळे. ‘आक्रमण’ ही तिथे खेळाची बाजू नसून माणसांची तुकडी आहे, म्हणून ‘आक्रमक तुकडी’ बरे पडते. शिकागो बेअर्सचे २०२४ चे प्रकरण शब्दांसाठीही बघण्यासारखे. सलग दोन सामन्यांत एकही टचडाउन नाही, म्हणून १२ नोव्हेंबरला आक्रमक तुकडीचे प्रशिक्षक शेन वॉल्ड्रन यांना काढले. मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांना २९ नोव्हेंबरला काढले, ते मात्र आदल्या दिवशी डेट्रॉइटमध्ये शेवटच्या सेकंदांत टाइमआउट हातात असून न घेतल्यावर. एकाच महिन्यात दोन हकालपट्ट्या आणि दोन वेगळी कारणे. ‘आक्रमण ढेपाळल्याने प्रशिक्षकांची गच्छंती’ असा एकच मथळा दिला तर दोन्ही गोष्टी चुकतात.

आणि इंग्लिश क्लबांच्या ‘मॅनेजर’चे भाषांतर कृपया ‘व्यवस्थापक’ करू नका. आपल्या संघांत व्यवस्थापक प्रवास, किट आणि कागदपत्रे बघतो.

ओला चारा

यादीत एक शब्द नको म्हणून नोंदवा: ‘वांझोटे आक्रमण’. अजूनही लिहिले जाते. बाईच्या दुखण्यावरून गोल न होण्याला नाव द्यायचे काही कारण नाही. ‘निष्फळ’ आहेच.

रविवार पेठ

आता जमील यांच्याकडे येऊ. माझे मत, त्यांना वेळ द्यावा. ऑगस्ट २०२५ मध्ये नेमणूक झाली तेव्हा गटातले दोन सामने आधीच होऊन गेले होते आणि खात्यात १ गुण होता. त्यानंतर ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवले, ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून मध्य आशियाई महासंघाच्या काफा स्पर्धेत तिसरे आलो. २०१६-१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारा हा माणूस आहे. हाताशी असलेल्या माणसांतून संघ बांधणे त्याला येते.

चौकट

तुमचेच शब्द तुम्हाला लावतो. ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही गोल बचावपटूंचे, अन्वर अली आणि झिंगन. अन्वरचा उवैसच्या लांब थ्रोवरून. मार्केझच्या वेळीही मलेशिया आणि मालदीवविरुद्ध राहुल भेकेने कॉर्नरवर हेडर मारले, तोही बचावपटू. लांब थ्रो आणि कॉर्नर ही हत्यारे हवीतच, तयारीने जमतात आणि कमी सरावात जमतात. पण ती चाल नव्हे. प्रशिक्षक बदलला तरी गोल तिथूनच येत असतील तर ‘जमील हटाव’ने काय साधणार, हा तुमचा मुद्दा मला मान्य. मात्र पुढच्या शिबिरानंतरही बॉक्समधला दुसरा रकाना रिकामाच राहिला तर जबाबदारी त्यांचीच. तिसरा रकाना भरून चौथा रिकामा राहिला, तर नाही.

मधली फळी

मग नोंद अशी करतो. काढले तर हकालपट्टी, उतरले तर पायउतार, हिशेब मिटवून वेगळे झाले तर फारकत. गच्छंती फक्त नक्की कळेपर्यंत. ‘बोथट’ चौथ्या रकान्यापुरता. मोडी, ‘फारखत’ नामाला लिंग कोणते लावू?

मोडी

स्त्रीलिंगी. फारखत झाली, फारखत लिहून दिली.